घाव येईपर्यंत थांबणारी विनया

विनयाच्या नवऱ्याचा, मंगेशचा फोन आला तेव्हा मी महापेच्या ऑफिसात डबा उघडत होते. "ताई, विनया गेली," एवढंच तो बोलला. ऑपरेशन पार पडलं होतं, पण तिचं हृदय पुन्हा नीट चाललंच नाही... महिना उलटला, तरी जेवणाच्या सुट्टीत माझी नजर तिच्या खुर्चीकडे जाते.

चाळिशी ओलांडलेल्या आम्ही दोघी डबा संपला की व्हिडिओ गेम खेळत बसायचो, याचं ऑफिसला हसू यायचं. अजब प्राण्यांच्या लढाईचा गेम. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी गवताचा; पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. आणि एका लढाईत फक्त एकदा, आपल्या एका प्राण्याचा प्रकार बदलता येतो. मी तो बदल सुरुवातीलाच मारा वाढवायला खर्चून टाकायचे. विनया थांबायची. समोरचा तिच्या आगीवर पाणी सोडणार हे तिला नेमकं कळायचं, आणि त्याच क्षणी ती आगीचं गवत करायची. पाण्याचा जोर निघून जायचा. "मारायला सगळेच बदलतात गं," ती म्हणायची, "मी वाचायला बदलते."

राहायचीही तशीच जपून. हृदयाची झडप जन्मापासून अधू. गोळ्या, पथ्य, जिने टाळणं. डॉक्टर ऑपरेशन सुचवायचे, धोकाही सांगायचे, आणि ती पुढे ढकलायची.

गेल्या हिवाळ्यात वाशीच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. कॉलेजच्या पोरांमधून वाट काढत विनया अंतिम फेरीत पोचली. तिचा आणि समोरच्या मुलीचा एकेक प्राणी उरला होता आणि विनयाचा बदल शिल्लक होता. आता ती बचाव करणार, मी धरूनच चालले होते. तिने तो माऱ्यासाठी वापरला. समोरच्या मुलीचा प्राणी जेमतेम तगला, आणि उलट घावात विनया हरली. परतताना बसमध्ये मी चिडून म्हटलं, नेहमीसारखी खेळली असतीस तर जिंकली असतीस.

"माहितीये," ती शांतपणे म्हणाली. "पण एकदा मारून बघायचं होतं."

पुढे तिने ऑपरेशनची तारीख घेतली. त्या खेळीनेच तिला हे धाडस दिलं की काय, या विचाराने मी फार अस्वस्थ होते. मंगेशनेच माझ्या मनातला तो सल काढला. स्पर्धेच्या आधीच तिचं ठरलं होतं म्हणे. दम न लागता त्याच्याबरोबर होडीतून खाडीत जायचं होतं तिला.

परवा रविवारी सारसोळ्याला त्यांच्या घरी गेले. या गेममधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं आयुष्यभर सांगत आलेला मंगेश तिचं खेळायचं यंत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, मना पन शिकव." मी नियम सांगितले, पहिली चाल केली. त्याची पाळी आली. त्याने बटणावरून अंगठा उचलला, शर्टाला पुसला आणि पडद्याकडे बघत थोडा वेळ तसाच थांबला...

प्रत्येक चालीआधी विनया नेमकं हेच करायची. मी त्याला ते शिकवलं नव्हतं.