मोज्यावरचं नाव

नाताळचे ते लाल मोजे दिसले की मला अजून शिसारी येते. पायात घालायची वस्तू, तिच्यावर माणसाचं नाव काय घालायचं? पण सेलूत कॉम्प्युटरवाली भरतकामाची मशीन माझ्याकडं, म्हणून ब्लाऊजच्या गळ्यांसोबत हे खूळही माझ्याच दारात आलं.

आमच्याच गल्लीतल्या एका व्यापाऱ्याची बायको हे काम आणायची. तिचा मुलगा अमेरिकेत. तिकडं म्हणे घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा मोजा भिंतीला टांगतात आणि त्यात खाऊ भरतात. गेल्या वर्षी ती नव्या सुनेला सोबत घेऊन आली. पोरगी ताडकळसची, लय गोड. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि आपलं नाव उमटताना बघत राहिली. व्हिसा आला की मोजा घेऊन नवऱ्याकडं जाणार होती. व्हिसा काही आला नाही. पोरगी माहेरी वाट बघत बसली, मोजा सासूकडंच राहिला.

यंदा बाई तोच मोजा घेऊन आली. "यावरचं नाव उसवा अन् हे घाला," म्हणाली आणि भलतंच नाव सांगितलं. "कोराच हाय, कशाला वाया घालवायचा? झालं की तुमीच अमेरिकेला कुरिअर करून टाका."

मला वाटलं, सुनेचं नाव बदललं. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही असंच बदललं, मला कुणी विचारलं नव्हतं. यांना उशिरा सुचलं असेल. संध्याकाळी चेष्टेनं पोरीला फोन लावला, "काय गं, नवं नाव ठेवलं अन् काकीला सांगितलं बी न्हाई?"

"कुणाचं नवं नाव?"

तुझा मोजा उसवायला आलाय म्हणत मी ते नाव सांगितलं. मग म्हणाली, "दिवाळीपासून त्यांचा फोन न्हाई, काकी."

सकाळी तडक बाईचं घर गाठलं. ती शेंगा सोलत बसली होती. "तिकडंच केली त्यानं दुसरी," मान वर न करता म्हणाली. "हिला सांगू हळूहळू. तुमी तुमचं काम करा ना." घ्या! तिकडं पोरगी वाटेला डोळे लावून बसलेली आणि हिला मोजा वाया जायची काळजी. थू असल्या माणसांवर! वर चहाही पुढं केला तिनं. मी त्याला शिवले नाही.

घरी येऊन कात्री घेतली आणि परत खाली ठेवली. तेवढ्यात पोरीचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता.

"उसवलं का, काकी?"

"न्हाई गं. जाळूनच टाकते बघ हा मोजा."

"जाळू नका. माझं नाव तसंच ऱ्हाऊ द्या अन् पाठवा. तिला बी माझ्याबद्दल कुणी सांगितलं नसंल."

मी मोजा तसाच घडी घालून पाकिटात टाकला, चिकटपट्टी लावली आणि कुरिअरवाल्याकडं देऊन आले.