स्वच्छ निकरवाला बॅक

ये, जवळ ये. अशी लांबून नुसती मान हलवू नकोस. तुला मराठी सगळी कळते, बोलायची वेळ आली की हिंदीत पळतेस एवढंच. फोनवर सांगायला जावं तर तू "हां आजी, हां आजी" करत राहतेस आणि मागे तुझी कॉम्प्युटरवर टकटक चालूच. म्हणून लिहून काढून राहिले. वाचताना तरी माझ्या बाजूला बसल्यासारखी बस.

आधी थोडं रागावून घेते. आबाजींशी शर्त कोणी लावली? तू. शर्त लावून पुण्याच्या गाडीत कोण बसलं? तूच. आणि इथं रांझीच्या घरी मागे कोण राहिलं? मी, तुझे आबाजी, त्यांचा नवा गुडघा आणि टीव्हीतला तो आयरिश. पोट्टे, शर्त लावायला काय जातं? निभावणाऱ्याला विचार.

पण तुला वाटतं तशी ही गोष्ट शर्तीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते निकरपासून. हसू नकोस, ऐक.

मी माहेरच्या पाटनहून लग्न होऊन इथं आले तेव्हा फुटबॉल गोल असतो यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. आमच्या घरी गहू, हरभरा आणि थंडीत मटर, एवढ्याच गप्पा. तुझे आबाजी फॅक्टरीत फिटर आणि फॅक्टरीच्या टीममध्ये बॅक. बॅक म्हणजे मागे उभा राहून समोरच्याला गोलपर्यंत जाऊ न देणारा. यांनी मला पहिल्याच आठवड्यात चहाचे कप मांडून समजावलं होतं. मी मान हलवली होती, जशी तू हलवतेस.

मॅच झाली की पांढरी निकर धुवायला माझ्याकडे यायची. शेजारच्या क्वार्टरमध्ये टीमचा फॉरवर्ड राहायचा, पुढे पळून गोल मारणारा. त्याची बायको नळावर निकर घेऊन यायची ती तांबड्या मातीनं अशी माखलेली, की वाटावं माणूस शेतात लोळून आला. "बघा ना वहिनी, कसं करून ठेवतात!" तक्रार तोंडात आणि ऐट डोळ्यांत. माझ्या हातात यांची निकर. सकाळी नेली तशी. इस्त्रीची घडीसुद्धा जागच्या जागी.

मला वाटलं, यांना खेळवतच नाहीत. कोपऱ्यात उभं करतात आणि घरी पाठवतात. मग मी काय करायची, सांगू? ती स्वच्छ निकर दगडावर आपटत बसायची. साबण, ब्रश, पुन्हा आपटणं, मध्येच एक उसासा. नळावरच्या बायांना वाटावं, बाप्पा, भारीच मळली हिच्या नवऱ्याची. पावसाळा सरेपर्यंत निकरची शिवण उसवली. हे म्हणाले, "काहून गं, कपडा इतक्या लवकर फाटून राहिला?" तशी मी रडायलाच लागले. म्हटलं, "तुम्हाला खेळवत नसतील तर जाऊ नका ना तिथं. इज्जतीनं घरी बसा."

हे आधी बघतच राहिले. मग असे हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून पोळी हातात घेऊन बाहेर आल्या.

पुढच्या रविवारी मला ग्राउंडवर नेलं. बाया पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहायच्या, तिथं मीही पदर सावरून उभी. बघते तर हे फारसे पळतच नाहीत. समोरच्या टीमचा पोट्टा वाऱ्यासारखा यायचा, आणि तो जिथं पोचणार तिथं हे आधीच उभे. जणू तोच यांना भेटायला आला. बॉल पायानं अलगद बाजूला घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा, की झालं. परत येताना सायकलच्या कॅरिअरवर मी मागे बसलेली. हे पायडल मारता मारता म्हणाले, "बॅक जमिनीवर घसरला की समजायचं, त्याला उशीर झाला. वेळेवर पोचला तर लोळायचं काय काम?"

त्या दिवसापासून यांची निकर मी दोरीवर सगळ्यात पुढे, रस्त्याच्या बाजूला वाळत घातली.

आता तुझ्या आयरिशवर येते. तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. शनिवारची संध्याकाळ होती, आबाजींच्या पोटावर बसून तू रिमोटची बटणं दाबून राहिली होतीस. एका ठिकाणी हे ओरडले, "थांब! तो बघ, पाच नंबर." एक काडीसारखा पोरगा, कान बाहेर आलेले. आयर्लंडमधल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातून इंग्लंडच्या मोठ्या क्लबात नुकता आलेला. आणि काय घसरत होता बाई! इकडे लोळ, तिकडे लोळ. लोक टाळ्या वाजवत होते. हे म्हणाले, "पोट्टा चांगला आहे. उशिरा पोचून राहिला, पण शिकेल."

मी बघितली त्याची निकर. कमरेपासून गुडघ्यापर्यंत हिरवी. म्हटलं, "अगं माय! हा तर गवताचा डाग. माती झटकून निघते, हा साबणालाही दाद देत नाही. याच्या आईनं काय करावं?"

"उसकी मम्मी थोड़ी धोती है, मशीन धोती है," तू म्हणालीस. एवढीशी होतीस, पण जीभ तेव्हापासून अशीच.

तिथून आमचं ठरून गेलं. हे त्याचा खेळ बघायचे आणि मी त्याची निकर. इंग्रजीतलं ते भराभर बोलणं मला कळायचं नाही, पण कोण कसा खेळला हे मी शेवटी कपड्यांवरून सांगायची. हे म्हणायचे, "हिला टीव्हीवर बसवा रे कोणी."

दोन-चार वर्षांनी त्या मोठ्या क्लबनं त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं. कायमचं नाही, एका सीझनपुरतं. मला फार राग आला. म्हटलं, "माणूस आहे का चकलीचा सोऱ्या? दिवाळीला उसना द्यायचा आणि मग परत मागायचा?" पण दिला. मग तिथून आणखी खालच्या क्लबात गेला, आणि त्याच्या मॅचेस टीव्हीवर दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, संपला. हे म्हणाले, "बॅक उशिरा पिकतो. फॉरवर्ड लवकर सडतो." आता हे खरं की शेजारच्या फॉरवर्डवरचा जुना राग, देव जाणे. तेव्हा तुझ्या हातात नवा फोन आला होता. तू शनिवारी त्यात बघून सांगायचीस, "आबाजी, खेला वो. पूरा नब्बे मिनट." तेवढ्यावर यांची भूक वाढायची.

आणि तो आला की परत. दाढी ठेवलेली, खांदे भरलेले, आयर्लंडची हिरवी जर्सी अंगावर. कॅप्टन कधी नव्हता, गोल मारायचा तर नावच नको. एका मोठ्या मॅचमध्ये तर बॉल त्याच्याच पायाला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. तू खो खो हसलीस. हे हसले नाहीत. म्हणाले, "जो तिथं उभा असतो त्याच्याच पायाला लागतं, बेटा. जो मागे आलाच नाही, त्याच्या पायाला काय लागणार?" तू रिमोट ठेवून त्यांच्या बाजूला सरकलीस.

मग एका थंडीत, मटर सोलता सोलता, माझं लक्ष गेलं. मॅच संपली होती, सगळे हात मिळवून राहिले होते, पावसाचं ग्राउंड, बाकीचे चिखलानं भरलेले. आणि आपल्या आयरिशची निकर? दुकानातून आणल्यासारखी. मी परात खाली ठेवली. म्हटलं, "अहो, तुमचा पोट्टा वेळेवर पोचायला लागला."

यांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं तर यांनी मला लग्नातही बघितलं नसेल.

पुढची कितीतरी वर्षं तो तसाच खेळला, पांढराशुभ्र. त्याच्याबरोबरचे एकेक करून सोडून गेले, कोणी टीव्हीवर बोलायला लागले. हा आपला उभा. इकडे हे रिटायर झाले, तू शाळा संपवून कॉलेजला गेलीस, आणि मग यांच्या गुडघ्यानं जवाब दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघा नवा आहे, पण रोज चालला नाहीत तर पाय असाच धरून बसेल, मग खाटेवरून उठणं मुश्किल. हे "हो जी, हो जी" म्हणाले आणि घरी येऊन खुर्चीत बसले. रोज सांगावं, "उठा ना, दहा पावलं तरी." रोज उत्तर, "उद्यापासून." मला रात्री झोप यायची नाही. इतका पळणारा माणूस न्हाणीपर्यंत भिंत धरून जायला लागला होता.

तेव्हा तू पुण्याहून सुट्टीत आलीस. टीव्हीवाले सांगून राहिले होते की आयरिश आता म्हातारा झाला, क्लब त्याला ठेवत नाही. हे चिडले. "काय कळतं यांना? तो अजून खेळेल."

"पक्का?" तू म्हणालीस. "तो चलो, शर्त. जब तक वो खेलेगा, आप रोज ग्राउंड तक चलोगे."

यांनी हात पुढे केला. आणि तू गेलीस पुण्याला!

पण आयरिश दुसऱ्या क्लबात खेळत राहिला आणि हे चालले बरं का. आधी काठीनं, फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. मग थेट जुन्या ग्राउंडपर्यंत. सोबतीला त्यांच्या टीमचा जुना गोलकीपर, तो मागच्या गल्लीत राहतो. तुला आठवतो ना, मोठ्या मिशांचा, मला भाभी म्हणणारा. दोघं सकाळी निघायचे ते भांडत आणि यायचे तेही भांडत. कोणत्या मॅचमध्ये कोणामुळे गोल झाला यावर अजून निकाल लागायचा आहे. मी दारात उभी राहून यांची चाल बघायची आणि आयरिशला आशीर्वाद द्यायची. एकदा त्याच्या मांडीला लागलं तर मी मीठ-मोहरी घेऊन टीव्हीवरून दृष्ट काढली. हे म्हणाले, "अगं, ही रेकॉर्डिंग आहे." म्हटलं, असू दे, त्याला लागलेलं तर खरं आहे?

तर आता या वर्षीचं. त्या शनिवारी मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. एक पोरगेलासा फॉरवर्ड आला, आयरिश त्याच्याकडे वळला आणि घसरला. पूर्ण आडवा. निकर हिरवी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टीव्हीवाला तर कौतुकानं ओरडला. यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "झालं त्याचं."

तीनच आठवड्यांत बातमी आली. तूच फोन केलास, "आबाजी, वो रिटायर हो गया." हे म्हणाले, "हां, माहीत आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घातलेच नाहीत.

"अहो, चला ना."

"शर्त संपली."

"शर्त संपली, पाय नाही ना संपला?"

"तू नको त्यात पडू."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर खुर्ची खिडकीकडून फिरवून भिंतीकडे तोंड. मी शिरा केला, रागावले, अबोला धरला. काही नाही. हा माणूस आता बसला तर बसलाच.

चौथ्या दिवशी सकाळी दारात गोलकीपर. "भाभी, कहाँ है आपका पेन्शनर?"

"भिंत बघून राहिले," मी म्हटलं.

तो आत आला. "चल बे."

"मी येत नाही. शर्त संपली माझी."

"किससे लगाई थी? मेरे से?"

"नातीशी."

"तो नाती के साथ मत जा. मेरे साथ चल."

"तू जा ना एकटा! तुझे तर दोन्ही गुडघे देवानं दिलेले आहेत."

गोलकीपर खाली बसला. मिशीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाला, "गुडघे हैं, आँख नहीं है. बाईं तरफ से कुछ दिखता नहीं यार. फॅक्टरी की रात पाली छूटती है तो उधर से मोटरसायकल पे मोटरसायकल. तू बाईं तरफ चलता है तो मैं चल लेता हूँ. कल अकेला निकला था. मोड़ से लौट आया."

हे त्याच्याकडे वळले. "सांगितलं काहून नाही?"

"गोलकीपर बोलेगा? बैक को दिखना चाहिए."

"इतके दिवस मी तुझ्या डाव्या बाजूला चालून राहिलो, आणि तू मला सांगून राहिला की मी चालायला शिकून राहिलो?"

"वो भी सच है," गोलकीपर म्हणाला.

हे उठले. भिंत न धरता. मला म्हणाले, "बूट कुठं ठेवले माझे? उभी काहून आहेस?"

मी बूट दिले आणि पदर तोंडावर घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे मागे गेले. गर्दीची वेळ होती. हे सडकेच्या कडेला थांबले, गोलकीपरला मागे ठेवलं, डावा हात आडवा केला. एक मोटरसायकलवाला करकचून थांबला. "दादाजी, देख के!" हे म्हणाले, "देख के ही खड़ा हूँ, बेटा." आणि दोघं पलीकडे गेले, भांडत.

आता डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे गोलकीपरचं. हे म्हणतात, ऑपरेशन झालं तरी काही दिवस सोबत लागेलच, आणि नंतरही त्याचा भरवसा नाही, तो पहिल्यापासून आंधळाच आहे. तेव्हा रोज जाणं आलं. आता पाटनकडची, माझ्या माहेरची सडकही एकदा थोडी चालून बघायची म्हणतात दोघं. मी नको म्हणत नाही.

तू व्हिडिओ कॉल करतेस, पण त्यात तुला आबाजींचं नुसतं तोंड दिसतं, चाल दिसत नाही. ती बघायला इथं यावं लागेल. सकाळी लवकर उठावं लागेल, गोलकीपरच्या डाव्या बाजूला कोण चालणार यावर भांडावं लागेल. मटर आले बाजारात, मटरच्या करंज्यांचं सारण करून ठेवते. सुट्टी टाक, तिकीट काढ आणि ये लवकर.