टेकडीवरून लिओरा बोलतेय

लिओराकाकू ढगाला नुसतं ढग म्हणून कधी सोडायची नाही. जूनच्या दुपारी गहू पिकून पिवळा झालेला असायचा, वारा त्याच्यावरून सावकाश हात फिरवायचा आणि सगळं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसायचं. तेव्हा अंगणात चादरी वाळत घालताना, तोंडात चिमटे धरून, ती मला म्हणायची, “ते बघ, पश्चिमेला कुणीतरी पाव फुगायला ठेवलेत. वर फडकं टाकायला विसरलंय.”

मी बघायची. खरंच पाव असायचे.

“आणि त्याच्या मागचं?”

“ते शेजारच्या मिल्ड्रेडचे केस. आजच सेट करून आलीय. थोडा वारा येऊ दे, बसतील खाली.”

आमच्या हॉकफील्डला डोंगर नाही की जंगल नाही. मधोमध धान्याच्या कोठाराचा पांढरा मनोरा, आणि मग आभाळ. ते दारातच सुरू होतं. उन्हाळ्यात आमचं सगळं त्या आभाळावरच ठरतं: कापणी कधी, लग्नाचं जेवण बाहेर की आत, आणि चक्रीवादळाचा भोंगा वाजला की कुणाच्या तळघरात कोण. आमची आळी शुकमनांच्या, म्हणजे काकूच्या तळघरात बसायची. तिथे काकूने बाकं टाकली होती, पाणी भरून ठेवलं होतं, मोटरसायकलची जुनी हेल्मेटं जमवली होती. अनवाणी येणाऱ्यांसाठी जुन्या बुटांचं एक खोकंच होतं. त्यातला जोड ती नेम धरून अंगावर फेकायची. “घाल पायात! घर उडालं तर वर काचाच काचा असतील. नाचत जाणार आहेस का त्यांच्यावरून?”

तिचा नवरा, क्लेटसकाका, त्या तळघरात मात्र कधीच नसायचे. ते टेकडीवर असायचे.

टेकडी म्हणजे गावाच्या दक्षिणेचं कबरस्तान. आमच्याकडे त्याहून उंच जागा नाही. आभाळ बिघडलं की काका तिथे पिकअप नेऊन उभा करायचे आणि रेडिओवरून बंबखान्यात डेनिस वासिंगरला सांगायचे. भोंग्याचं बटण डेनिसच्या हाताखाली. शहरातल्या हवामानवाल्यांना ढग वरून दिसतो, त्याच्या पोटाखाली काय शिजतंय ते इथे बसलेल्या माणसालाच कळतं. गावात प्रत्येक ओट्यावर टोस्टरशेजारी एक रेडिओ असतो, त्यावर आम्ही सगळेच ते ऐकायचो. “टेकडीवरून क्लेटस. पाऊस आहे, गारा आहेत, फिरत काही नाही.” एवढं ऐकलं की बायका परत बटाटे सोलायला लागायच्या. मी जन्मल्यापासून वादळाला काकांचाच आवाज होता.

मग एका वर्षी चर्चच्या सहलीच्या दिवशी काका रेडिओवर ओरडले, “सोंड! सोंड उतरतेय!” भोंगा झाला. सगळं गाव हातातल्या ताटांसकट चर्चच्या तळघरात. लहान मुलं रडतायत, म्हाताऱ्या जपमाळ ओढतायत. आणि वर काय, तर पावसाच्या ढगाखाली लोंबणारी एक फाटकी चिंधी. जराशी सर आली नि गेली. कोबी नि खिमा भरलेले सगळे बीरॉक भिजून त्यांचा लगदा झाला.

त्यानंतर वर्षभर गावाने काकांना चिडवायचं सोडलं नाही.

“काय रे, आज कुठली चिंधी?”

“क्लेटस, माझ्या बायकोने पडदे धुवून वाळत घातलेत, घाबरू नकोस हं!”

काकाही हसायचे. काकू हसायची नाही. कारण सहलीनंतरच्याच रविवारी, प्रार्थनेच्या वेळी, काका तिच्या कानाशी वाकून म्हणाले होते, “वाचायला कोण उभं आहे गं?”

उभा होता अँब्रोज. काकांचा सख्खा भाऊ.

डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं जाणार, कडेचं थोडं राहील, आणि यावर औषध नाही. परत येताना गाडी काकूने चालवली. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं.

“कुणाला सांगायचं नाही,” शेवटी काका म्हणाले.

“आणि टेकडी?”

“तू चल की. तू बघ, मी बोलतो.”

“क्लेटस, मला त्यातलं काही कळत नाही.”

“तुला काय दिसतं तेवढं सांग. काय आहे ते मी ओळखतो.”

“आणि चुकलो तर?”

काका खिडकीबाहेर बघत होते, किंवा तसं वाटत होतं. “शेत अँब्रोजच्या पोराला दिलं,” ते म्हणाले. “गाई विकल्या. टेकडी तरी राहू दे गं.”

गावाला सांगितलं की काकांचा गुडघा दुखतो, म्हणून पिकअप काकू चालवते. गावाने मानलं. आमच्याकडे गुडघा सगळ्यांचाच दुखतो.

पुढे जे झालं ते काकूने मला नंतर सांगितलं, दोघांचेही आवाज काढून.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये कापणी ऐन भरात होती. संध्याकाळी पाऊस येणार म्हणून सगळी मशीनं शेतात उतरलेली. डेनिसची दोन्ही मुलं आपापल्या मशीनवर, बाहेरगावाहून कापणीला आलेली पोरं कोठाराशेजारी चाकांवरच्या घरांत मुक्कामाला. पावसाआधी गहू आत आला नाही तर वर्ष गेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशा दिवशी आमच्याकडे कुणी ढगाकडे बघतच नाही. बघितलं की हात मंदावतात.

टेकडीवर मात्र दोघंच होती. कबरींमधलं गवत हळूहळू डुलत होतं. ऊन मधासारखं दाट झालेलं. काकूने दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि बर्फ घातलेला चहा मांडीवर धरला होता.

“सांग,” काका म्हणाले.

“मोठी ऐरण आहे. वरून सपाट, कडा उन्हात पांढऱ्या. खाली सगळं पिकलेलं जांभूळ.”

“मानेला वारा लागतोय, कोमट. कुठे चाललाय?”

“तिकडेच, ढगाकडे.”

“ढग वारा ओढून घेतोय.” काका सरळ बसले. “बूड कसं आहे?”

“तव्यासारखं. नाही, थांब. तव्याखाली एक पायरी उतरलीय.”

“वर चिकटलेली, की सुटून लोंबतेय?”

“चिकटलेली.”

“हलतेय?”

काकूने चहाचा ग्लास समोर ठेवला. “फिरतेय, क्लेटस. हळूहळू. भांड्यात चमचा फिरवावा तशी, एकाच बाजूने.”

काकांनी रेडिओ उचलला. “टेकडीवरून क्लेटस. डेनिस, वायव्येला पायरी आहे, फिरतेय. गावाच्या रोखाने. भोंगा दे.”

इकडे आमच्या स्वयंपाकघरात आई थबकली. रेडिओतून डेनिसचा आवाज आला, दमलेला, धुळीने बसलेला.

“क्लेटस, माझी माणसं शेतात आहेत. भोंगा दिला की सगळं टाकून पळतील, आणि हा गहू परत उभा राहणार नाही. चिंधी नाही ना? आई शप्पथ सांग. तू बघतोयस ना? स्वतःच्या डोळ्यांनी?”

रेडिओ नुसता खरखरत राहिला. गावातल्या प्रत्येक ओट्यावर तीच खरखर.

“हो म्हण,” काकू मला सांगत होती, “मी मनात म्हणत होते, हो म्हण नि सुटू दे एकदाचं. आणि त्याच वेळी वाटत होतं, नको म्हणूस. मी ढगाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत बसले, बघ. मला बघायला नेलं होतं, आणि मी नवऱ्याकडे बघत बसले!”

काकांनी बटण सोडलं. “लिओरा, नक्की?”

“नक्की बिक्की मला माहीत नाही. दिसतंय ते सांगतेय.” मग तिने मान वळवली. “अरे देवा. बोट आलंय खाली.”

काकांनी परत बटण दाबलं. आवाज अगदी साधा. एखाद्याने बियाण्याचा भाव सांगावा तसा.

“डेनिस, मला दिसत नाही. वर्ष होत आलं. लिओराला दिसतं. तिचं ऐक.”

आणि रेडिओ तिच्या हातात दिला. काकूने तो आयुष्यात कधी धरला नव्हता. ती थेट बोलायलाच लागली.

“डेनिस, मी लिओरा. तुझी आई बीरॉकचं पीठ कशी मळायची, आठवतं? खालून वर, गोल गोल? ते तसं चाललंय. आणि त्यातून एक बोट उतरतंय. चिंधी लोंबते रे, बाळा. हे लोंबत नाही, उतरतंय. धूळ वर उठायला लागली. भोंगा वाजव! आणि चाकांवरच्या घरातली पोरं चर्चच्या तळघरात घाल, ती घरं म्हणजे बिस्किटाचे डबे आहेत. शेतातले पोचत नसतील तर खोल चरात पालथे पडा म्हणावं, डोकं झाकून. पुलाखाली कुणी शिरू नका. तिथे वारा आणखी—”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत भोंगा सुरू झाला.

“तुम्ही दोघं कुठे?” डेनिस ओरडला.

“दक्षिणेला पळतोय! तू आपलं बघ!”

आम्ही तळघरात बसलो. मिल्ड्रेडने अनवाणी आलेल्या माझ्या आईच्या अंगावर बूट फेकला, काकूच्या थाटात. आधी कानात दडे बसले. मग वर कुणीतरी लांबच लांब लाकडी फळी जमिनीवरून ओढत न्यावी तसं काहीतरी गेलं. आणि मग शांतता. इतकी, की पाण्याच्या बाटलीतला बुडबुडा ऐकू आला.

वर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. कोठाराच्या मनोऱ्याचं डोकं नव्हतं. चाकांवरचं एकही घर जागेवर नव्हतं. डेनिसच्या घराचं छप्पर कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. आडव्या झालेल्या गव्हात कुणाचातरी आंघोळीचा टब पावसाच्या पाण्याने भरून निवांत बसला होता, आणि त्यात आभाळ होतं, स्वच्छ निळं. कापणीच्या एका पोराचा हात मोडला. डेनिसची मुलं चरातून चिखलाने माखून उठली. माणूस एकही गेला नाही.

त्या आठवड्यात डेनिस काकांकडे आला. अंगणात मीच होते, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत. खिडकी उघडी होती आणि डेनिसला हळू बोलता येत नाही.

“वर्षभर, क्लेटस! माझं बोट त्या बटणावर, आणि ते बटण तुझ्या शब्दावर! तुला सांगता आलं नाही?”

“नाही आलं.”

“का?”

“टेकडी गेली असती.”

“आणि माझी पोरं गेली असती तर?”

आत ताट मांडल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाली, “ओरडून झालं असेल तर बस. जेवण गार होतंय.”

“मी जेवायला नाही आलो, काकू.”

“मग उभ्याने खा.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. खाताना डेनिसचा आवाज उतरला. “ज्याला दिसतं त्यानेच बसायचं असा नियम आहे. पिकअपमधला रेडिओ आता तुमच्या नावावर. गाव म्हणतंय तुम्हीच बसा. मीही म्हणतोय.”

“क्लेटस बरोबर येणार असेल तर बसते. नाहीतर तुझा रेडिओ तुला लखलाभ.”

“मी येणार नाही,” काका म्हणाले.

“आता हे काय नवीन?”

“मी शेजारी असलो की तू माझ्याकडे बघतेस. त्या दिवशी बघितलंस.”

“एक क्षणभर!”

“तेवढ्यात बोट खाली आलं, लिओरा.” काकांनी ताट पुढे सरकवलं. “मला आणखी एक बीरॉक वाढ. आणि तू एकटी जा.”

काकू वाढायला उठली. मला खिडकीतून तिची पाठच दिसली. ती ओट्यापाशी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ उभी राहिली.

जुलैत परत आभाळ भरून आलं. काकू एकटीच पिकअप घेऊन गेली, डोक्याला रुमाल बांधून. भोंगा झाला नव्हता, पण आळी सवयीने तळघरात जमली. पायऱ्यांवर जड बूट वाजले. क्लेटसकाका. ते त्या तळघरात वादळात पहिल्यांदाच उतरत होते. अँब्रोज सरकला, त्याने बाकावर जागा केली. काका बसले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. ते गुडघ्यांवर ठेवून बघितले, मग हाताची घडी घातली.

रेडिओ खरखरला. “टेकडीवरून लिओरा बोलतेय. ऐकू येतंय का?”

“येतंय, काकू. बोला.”

“बूड सपाट आहे. पायरी नाही. खाली थोडी लोकर लोंबतेय, पण नुसतीच. वारा गार झालाय, म्हणजे आता पाऊसच. वर मात्र गंमत आहे. सगळ्या पोटाला फुगे आलेत, अंड्यांच्या ट्रेसारखे. कडेचे गुलाबी.”

“काकू,” डेनिस म्हणाला, “फिरतंय का, तेवढंच सांगा.”

“फिरत नाही म्हटलं ना! थांब जरा. मधून सूर्य घुसलाय. आता कोठारावर उजेड पडला. गव्हाच्या धसकटांवरून सावली चाललीय, पूर्वेकडे, सावकाश. रांगणाऱ्या वासरासारखी.”

“वासरं रांगतात कधीपासून?” मिल्ड्रेड पुटपुटली. “कामाचं एक वाक्य, बाकी सगळं—”

“शू,” काका म्हणाले.

डेनिसने परत टोकलं नाही. गावातल्या सगळ्या ओट्यांवरून काकूचा आवाज चालला होता, घाई नसलेला, जवळचा, एखाद्याच्या शेजारी बसून बोलावं तसा. काकांचे डोळे मिटलेले होते, तोंड वायव्येच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर लोणच्याच्या बरण्यांची फळी होती.

“आणि उजवीकडे बघ,” रेडिओतून काकू म्हणाली. “तिकडचं सगळं सोनेरी व्हायला लागलंय.”

काकांनी मान उजवीकडे वळवली.