उभी रेघ

आमच्या ग्लायडिंग क्लबात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवलं मात्र त्यांनी कधी कुणालाच नाही. धंद्याने ते घड्याळजी. जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढं दुकान, भिंतीवर शंभरेक घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. शनिवार-रविवार ते दुकान वहिनींच्या गळ्यात घालून मैदानावर यायचे आणि आम्हाला छळायचे.

छळायचे, पण नियमाला धरून. बिनइंजिनाचं विमान ओढणाऱ्या दोरापासून सुटल्यावर नुसत्या वाऱ्याच्या जोरावर आणखी तीन हजार मीटर चढलात की सोनेरी बिल्ला मिळतो. त्याचा पुरावा म्हणजे विमानात ठेवलेली एक पेटी: आत घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागद आणि त्यावर उंचीची रेघ ओढणारी सुई. उड्डाणाआधी साक्षीदाराने पेटी कानाला लावून टिकटिक ऐकायची, मग सील करून सही ठोकायची. नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, तरी मास्तरांचा हट्ट एकच, ज्याला किल्ली देता येत नाही त्याचा भरवसा काय? मी एकदा घाम गाळून तेवढा चढून आलो, तर सीलवरची साक्षीदाराची सही अर्धी कागदाबाहेर गेली म्हणून त्यांनी मला नापास केलं. पुढच्या वर्षी मी बिल्ला मिळवला, पण तो राग अजून गेलेला नाही.

त्यांना स्वतःला मात्र बिल्ला नव्हता. चांगला वारा सुटला की हे दुसऱ्यांच्या पेट्या सील करत बसायचे. यंदा डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, "हा महिना उडून घ्या, मग पुरे." महिन्याचा शेवटचा शनिवार आला, तर वारा झोपलेला. दिवसभर आम्ही नुसते पंख पुसले.

रविवारी डोंगरामागे भिंगासारखा ढग जागच्या जागी उभा राहिला. डोंगर ओलांडलेला वारा पलीकडे उसळी घेतो, दगडावरून गेलेलं पाणी घेतं तशी. ती उसळी सापडली की विमान एकाच जागी तरंगत वर चढत राहतं. सकाळपासून मास्तरांनी तिघांच्या पेट्या तयार करून दिल्या. मग स्वतःची घेऊन माझ्याकडे आले, कारण स्वतःच्या उड्डाणाला स्वतः साक्षीदार होता येत नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो.

कानात वारा घोंगावत होता, मला काही ऐकू आलं नव्हतं. पण घड्याळजीच्या घड्याळावर शंका कोण घेणार? सही मात्र मी मुद्दाम कागदाच्या अगदी मधोमध केली.

अडीच तासांनी ते उतरले ते हसत. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पेटी उघडली. कागदावर खालून वर गेलेली एकच उभी रेघ होती. सुई चढली होती, कागद फिरलाच नव्हता. तिघांच्या पेट्यांना किल्ली देणारा माणूस स्वतःच्या पेटीला द्यायची विसरला होता.

"उंची तर दिसतेय," मी म्हणालो. "तीन हजार चारशे. मी सही करतो."

"कधी चढलो?"

"आज. सगळ्यांनी पाहिलंय, मास्तर."

"कागदाने नाही पाहिलं." मग त्यांनी मान वर केली. "तू ऐकलं होतंस ना?"

"नाही," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पेन काढलं. मग फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं: नामंजूर, वैमानिकाने किल्ली दिली नाही. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

आठवड्याने दुकानात गेलो. ती रेघ चौकटीत घालून घड्याळांच्या मधे टांगली होती.

"लोक बंद पडलेली घड्याळं दुरुस्तीला आणतात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी एक बंद पडलं म्हणून भिंतीवर लावलंय."

मास्तरांनी डोळ्यावरचं भिंग न काढता पेटी माझ्यापुढे सरकवली. "आता क्लबात साक्षीदार तूच. ऐक."

मी पेटी कानाला लावली. टिकटिक स्वच्छ येत होती. तरी ते मान हलवेपर्यंत मी ती कानावरून काढली नाही, आणि त्यांनी मान हलवायला चांगला वेळ घेतला.