आत्याबाईंची मागची वाट

भूतखेत, अंगात येणं असलं आमच्या घरात कुणी मानत नाही. आम्ही बौद्ध. विहारात वंदना म्हणतो आणि वाटेत उताऱ्याचं लिंबू दिसलं तर पायानं सारून पुढं जातो. मीही तशीच. म्हणून हे कुणाजवळ बोलले नाही... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव तेरच्या जवळ. माझी लेक सुजाता घरीच कम्प्युटरवर काम करते. सायकलवाल्यांसाठी आपल्या भागाचा नकाशा होतोय, त्यातल्या पायवाटा तपासायच्या, चुकलेल्या रेघा पुसायच्या. आमच्या वाटेची रेघ नीट नव्हती, म्हणून तिनं मोबाईल माझ्या कमरेच्या पिशवीत घातला. "तू नुसती रानात जाऊन ये. चालशील तशी रेघ उठते."

मी वस्तीतून निघाले, गावातल्या पारासमोरून सरळ रानात गेले. रोजचीच वाट.

संध्याकाळी सुजाता हसायला लागली. "आई, मागनं ओढ्याकडनं कशाला गेलीस? तिथं तारेचं कुंपण हाय. उडी मारलीस का काय?"

"उडी मारायला मी शेळी हाय व्हय? पारासमोरनंच गेले की!"

मोबाईल चुकला म्हणून तिनं रेघ पुसली. दुसऱ्या दिवशीही मी सरळच गेले... आणि रेघ परत मागनंच. ओढा, बोरीबाभळी, मोठा वळसा.

ती वाट मी ओळखली. माझ्या सासूबाईंची — मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांच्या तरुणपणी आमच्या लोकांना पारासमोरून जायची मनाई होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या काट्यातनं वळसा घालायच्या. पुढं कुणी अडवेना, तरी मागनंच. "पायाला सवय पडली गं," म्हणायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सुजातानं ती वाट पाहिलेलीसुद्धा नाही.

नकाशाचं काय, सुजाता पुसून टाकेल. पण आत्याबाई अजून काट्यातनंच चालतात का?

सकाळी जिथनं मागची वाट फुटायची तिथं थांबले. आसपास कुणी नाही ना, बघितलं. मला बोलायचीच लाज. हळूच म्हणाले, "आत्याबाई, आता कुणी काय म्हणत न्हाय. माझ्यासंगं सरळ चला." आणि पदराचं टोक मागं सोडलं — बाजाराच्या गर्दीत त्या धरायच्या तसं. मागं वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "हां, आता बरोबर. सरळ आलीय. पण पारावर एवढा वेळ काय करत बसलीस?"

मी बसले नव्हते. थांबलेसुद्धा नव्हते. त्या पारावर मी जन्मात कधी टेकले नाही, भीडच वाटते.

ती तेवढा ठिपका पुसायला लागली. मी म्हणाले, "राहू दे."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि ठिपका तसाच ठेवला. नकाशात आता तिथं विसाव्याची खूण आहे.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. परवा रानातनं येताना मात्र मी पारावर बसले. जरा कडेला सरकून... एका माणसाची जागा ठेवून.