गॅरेजवरचे लाल ठिपके

दुचाकी कुठून चोरीला जातात ते नकाशावर दाखवायचं, एवढंच माझं कंत्राटी काम. पोलिसांकडून तक्रारी यायच्या. प्रत्येकीतला पत्ता शोधून मी कॉम्प्युटरवरच्या नकाशात एक लाल ठिपका टाकायची. कुपवाडच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजवर ठिपक्यांचा नुसता ढीग झाला. चोरांचा अड्डाच सापडला म्हणून मी पोलीस ठाण्याच्या साहेबांपुढे मिरवलं.

मग गॅरेजवाल्या चाचांना चौकशीला बोलावणं गेलं, एकदा नाही, तीनदा. पोलिसांची गाडी दारात दिसल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. हे कानावर आलं तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. स्वतःच्याच दारातून इतक्या गाड्या कोण उचलेल?

मला काही चैन पडेना. तक्रारींची यादी घेऊन दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला मी तिथे गेले. यादीतला एक कामगार भेटला. गाडी नेमकी कुठे लावली होती, असं त्याला विचारलं.

"त्या पल्याड, बंद कारखान्याच्या भिंतीला."

"मग तक्रारीत गॅरेज कसं आलं?"

"आवं ताई, हितं समदे चाचांच्या गॅरेजजवळ असंच सांगत्यात. प्लॉट नंबर कुनाच्या ध्यानात ऱ्हातोय?"

आणखी पाच-सहाजणांना विचारलं. कुणाची गाडी ट्रकच्या वजनकाट्यामागून गेलेली, कुणाची त्याच भिंतीपासून. पत्ता मात्र सगळ्यांचा एकच. मी तरी काय वेगळी? माझं घरही मी पिठाच्या गिरणीसमोर असंच सांगते, आणि गिरणी माझ्या घरापासून चांगली दोन गल्ल्या लांब आहे.

यादीतल्या बाकीच्यांना फोनवर विचारून ठिपके नव्याने टाकले. गॅरेजवर एकही उरला नाही, बहुतेक त्या भिंतीकडे सरकले. चूक माझी होती, हे साहेबांना सांगताना मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी चाचांना भेटायला गेले. ते शिडीवर उभे होते. बोर्डावरचं, त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं गॅरेजचं नाव त्यांनी पांढऱ्या रंगाखाली झाकलं होतं.

"चाचा, चूक माझी होती. आता तुम्हाला कुणी बोलवणार नाही."

ते सावकाश खाली उतरले, ब्रश डब्यात ठेवला.

"बरं झालं. पर आता बोर्डावर नाव न्हाई, तर लोक पत्ता म्हनून समोरच्या चहावाल्याचं नाव सांगतील. लय साधा मानूस हाय. त्येला तरी बोलवू नका."