सूर्य चौकटीबाहेर

आमच्या मिकुरियाबाई जेवायच्या सुट्टीतही स्वस्थ बसत नाहीत. हातातला ओनिगिरीचा भातगोळा टेबलावर आपटत त्या ओरडल्या, "सूर्याच्या कडेचा डाग कुठाय? चित्रात नुसता काळोख!"

अवकाशातली आमची सौर दुर्बीण दर फेरीला उन्हात तापते, किंचित वाकते आणि तिचा नेम एका बाजूला सरकतो. तो जागेवर आणायचं गणित त्सुझुकी सरांचं. त्यात अधिकच्या जागी वजा पडलं होतं.

"मला ठाऊक होतं," सरांचा मदतनीस ओगाता पुटपुटला. "पण सरांना कसं सांगणार? म्हणून दुर्बिणीला आज्ञा पाठवताना मी रोज गुपचूप नेम दुप्पट उलटा सरकवायचो."

सर खाली बघत म्हणाले, "मला काल चूक दिसली. लाज वाटली, म्हणून मीही गुपचूप सुधारली."

"वा! म्हणजे चूक गेली आणि ओगाताचं उलटं सरकवणं तेवढं उरलं! एकाला भीड, दुसऱ्याला लाज, आणि दुर्बीण बसलीय अंधार बघत! वर्षभर शेजारी बसून चहा ढोसलात, तेव्हा तोंडात काय कोंबलं होतं?"

माफी मागत दोघंही बाईंपुढे कमरेतून वाकले. बाई आणखीच भडकल्या.

"वाकू नका! वाकायला इथे सगळ्यांनाच येतं. एकमेकांशी बोला!"

दोघं सरळ झाले. सरांनी ओगाताकडे पाहिलं, ओगाताने सरांकडे. मग दोघंही पुन्हा वाकले, या वेळी एकमेकांपुढे.